सोक्रातिस आणि कॉरिंथियन्सची लोकशाही



इतिहासाच्या व्याख्यानात फुटबॉलच्या खेळाडूचे चरित्र कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल, आणि तो रास्तच आहे. इतिहास म्हटला की राजे, सेनापती, तह आणि राज्यक्रांत्या डोळ्यांसमोर येतात. खेळाडूने किती सामने जिंकले आणि किती गोल केले हा हिशेब वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर शोभतो, इतिहासाच्या पानावर नव्हे, अशी आपली समजूत असते. परंतु ज्या देशात सामान्य माणसाच्या तोंडाला कुलूप घातले जाते, तेथे बोलण्याची जागा कोठे सापडेल याचा नेम नसतो. कोठे ती कीर्तनात सापडते, कोठे नाटकात. ब्राझील देशात ती काही काळ फुटबॉलच्या मैदानावर आणि त्याहूनही अधिक मैदानाशेजारच्या कपडे बदलण्याच्या खोलीत सापडली. ज्या खेळाडूमुळे हे मुख्यतः घडले त्याचे नाव सोक्रातिस. त्याच्या कारकिर्दीकडे आज मी इतिहासाच्या दृष्टीने पाहणार आहे.

नावापासूनच आरंभ करू. सोक्रातिस हा सॉक्रेटिस या ग्रीक नावाचा पोर्तुगीज उच्चार. ब्राझील १८२२ पर्यंत पोर्तुगालची वसाहत होती. गोव्याच्या जुन्या सत्ताधीशांची भाषा तीच ब्राझीलची भाषा. या खेळाडूचा जन्म १९ फेब्रुवारी १९५४ रोजी ब्राझीलच्या उत्तर भागातील बेलेम या शहरी झाला. वडील राइमुंदो हे गरिबीतून स्वतःच्या हिमतीवर शिकलेले गृहस्थ. ग्रीक तत्त्वज्ञान वाचण्याचा त्यांना भारी नाद. तो इतका की, त्यांनी पहिल्या तीन मुलांची नावे सोक्रातिस, सोस्तेनिस आणि सोफोक्लिस अशी ठेवली. पुढे कुटुंब साओ पाउलो प्रांतातील रिबेइराओ प्रेतो या गावी स्थायिक झाले.

१९६४ साली ब्राझीलमध्ये सेनापतींनी लोकनियुक्त सरकार उलथून सत्ता हाती घेतली. ती त्यांनी २१ वर्षे सोडली नाही. त्या वेळी सोक्रातिस दहा वर्षांचा होता. झडतीच्या भयाने वडील आपल्या संग्रहातील पुस्तके जाळीत आहेत, हे दृश्य त्या मुलाने पाहिले. मोठेपणी तो ही आठवण वारंवार सांगत असे. ज्या माणसाने पै पै साठवून पुस्तके जमवली, मुलांना ज्याने त्या पुस्तकांतलीच नावे दिली, त्याच्यावर आपल्या हातांनी ती अग्नीत टाकण्याची पाळी येते. हुकूमशाही म्हणजे काय, हे त्या मुलाला शाळेत शिकावे लागले नाही.

या सेनापतींच्या राजवटीचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे. संसद त्यांनी सर्वस्वी नाहीशी केली नाही, निवडणुकाही पार बंद केल्या नाहीत. मात्र राष्ट्राध्यक्ष जनतेने निवडावयाचा नाही, अशी व्यवस्था केली. सेनेने ठरवलेल्या नावावर शिक्कामोर्तब करणे एवढेच काम उरले. १९६८ च्या डिसेंबरात तर उरलेसुरले नागरी हक्कही गुंडाळले गेले. मेक्सिकोत १९७० साली ब्राझीलने तिसऱ्यांदा विश्वचषक जिंकला, तेव्हा या विजयाचे भांडवल करून सरकारने आपली जाहिरात केली. तात्पर्य, फुटबॉल आणि राजकारण यांचा संबंध सोक्रातिसने जोडला असे मानण्याचे कारण नाही. तो सत्ताधाऱ्यांनी आधीच जोडून ठेवला होता.

सोक्रातिस वाढला तो अभ्यासात. वडिलांच्या लेखी शिक्षण आधी, खेळ नंतर. त्याने साओ पाउलो विद्यापीठाच्या रिबेइराओ प्रेतो येथील महाविद्यालयात वैद्यकाचा अभ्यासक्रम घेतला, आणि त्याचवेळी गावच्या बोताफोगो क्लबाकडून तो व्यावसायिक फुटबॉल खेळू लागला. इतरांप्रमाणे रोज सरावाला येणे त्याला शक्य नसे. १९७७ साली पदवी पदरात पडल्यावरच त्याने मोठ्या क्लबाचा विचार केला, आणि १९७८ साली साओ पाउलो शहरातील कॉरिंथियन्स क्लबात तो दाखल झाला. पुढे सारा देश त्याला ‘डॉक्टर’ म्हणूनच ओळखू लागला.

त्याच्या खेळाविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर लोक त्याचे बोलणे ऐकत का, हे उमगणार नाही. उंची सहा फुटांहून अधिक, शरीर काटक, पावले मात्र त्या उंचीच्या मानाने फारच लहान. असा माणूस चपळाईने वळू शकत नाही. वळण्यात वेळ गेला की प्रतिपक्षाचा खेळाडू चेंडू हिरावून नेतो. सोक्रातिसने यावर उपाय काढला तो न वळण्याचा. पाठीमागे कोण कोठे उभा आहे याचा अदमास आधीच घ्यावयाचा, आणि चेंडू येताच टाचेने तो मागच्या मागे द्यावयाचा. प्रेक्षकांना ही नजाकत वाटे. त्याच्या दृष्टीने ती गरज होती. मधल्या फळीतील खेळाडूचे काम असे की, आघाडी आणि बचाव यांमधला दुवा व्हावयाचे, खेळाची गती वाढवावयाची किंवा मंदावयाची. हे काम तो धावून फारसे करीत नसे, विचाराने करीत असे. कॉरिंथियन्ससाठी सुमारे ३०० सामन्यांत त्याने १७० हून अधिक गोल केले. मधल्या फळीच्या खेळाडूला हा आकडा असामान्यच म्हटला पाहिजे.

आता या क्लबाविषयी. कॉरिंथियन्सची स्थापना १९१० साली साओ पाउलोतील श्रमजीवी मंडळींनी केली. तोवर फुटबॉल हा तेथे धनिकांच्या मुलांचा खेळ होता. क्लबाच्या पाठीराख्यांना ‘फिएल’, म्हणजे निष्ठावंत, असे म्हणतात. १९५४ च्या प्रांतिक विजेतेपदानंतर पुढचे विजेतेपद १९७७ साली मिळाले, तरी मधल्या त्या सगळ्या दुष्काळात हा समुदाय घटला नाही. गिरणी-कारखान्यांतला कामगार आठवडाभर राबून रविवारी या संघामागे उभा राही.

अशा लोकप्रिय क्लबात खेळाडूची अवस्था मात्र स्पृहणीय नव्हती. ब्राझीलमध्ये त्या काळी ‘पासे’ नावाची पद्धत होती. तिच्याप्रमाणे करार संपल्यावरही खेळाडूवरील हक्क क्लबाकडेच राही; क्लबाने सोडल्याखेरीज त्याला दुसरीकडे जाता येत नसे. ही पद्धत कायद्याने नाहीशी होण्यास पुढील शतक उजाडावे लागले. दुसरी चाल ‘कॉन्सेंत्रासाओ’ची. सामन्यापूर्वी खेळाडूंना हॉटेलात किंवा शिबिरात आणून ठेवीत. घरी बायकामुले असलेला तिशीचा गृहस्थ असो की विशीचा पोरगा, पहारा सर्वांवर सारखाच. खेळाडूला स्वतःचे बरेवाईट कळत नाही, त्याच्यावतीने दुसऱ्याने विचार करावा लागतो, हे या दोन्ही चालींमागचे गृहीतक होते. देशातील सेनापती नागरिकांविषयी हेच म्हणत. क्लबाचे पदाधिकारी खेळाडूंविषयी म्हणत, इतकाच काय तो फरक.

१९८१ साली दोन गोष्टी जुळून आल्या. कॉरिंथियन्सचा हंगाम इतका वाईट गेला की, पुढल्या वर्षीच्या राष्ट्रीय स्पर्धेत क्लबाला प्रारंभी दुसऱ्या दर्जाच्या गटात खेळावे लागले. त्याच वर्षी क्लबाचे अध्यक्षपद वाल्देमार पिरेस यांच्याकडे आले. जुन्या अध्यक्षांचा कयास होता की हा गृहस्थ आपल्या सांगण्याप्रमाणे वागेल. पण पिरेस यांनी स्वतंत्र वाट धरली. फुटबॉल विभागाची सूत्रे त्यांनी आदिल्सोन मोंतेइरो आल्विस या समाजशास्त्र शिकलेल्या तरुणाकडे सोपवली. फुटबॉलचा कारभार त्याला ठाऊक नव्हता, आणि हेच पथ्यावर पडले. त्याने खेळाडूंनाच विचारले की काय चुकते आहे. उत्तर देण्यास सोक्रातिस तयार होता. तयार होता व्लादिमिर, जो कृष्णवर्णीय होता, खेळाडूंच्या संघटनेत काम करीत होता, आणि त्याने या क्लबासाठी एकंदर ८०० हून अधिक सामने खेळले. तयार होता कासाग्रांदे, हा जेमतेम १९ वर्षांचा पोर. यांच्या चर्चेतून नियम निघाला तो साधा होता. संघाशी संबंध असलेली बाब बहुमताने ठरावी, आणि प्रत्येकाचे मत एकच धरावे.

‘प्रत्येकाचे’ या शब्दावर मी जोर देतो. कर्णधाराचे एक मत, संचालकाचे एक मत, शिक्षकाचे एक मत, आणि खेळाडूंचे कपडे-बूट सांभाळणाऱ्या नोकराचेही एक मत. सराव किती वाजता करावा, परगावच्या सामन्यास केव्हा निघावे, वाटेत गाडी कोठे थांबवावी, बक्षिसाचे पैसे कसे वाटावेत, नवा खेळाडू घ्यावा की नाही, सगळे मताला टाकले जाई. हॉटेलातला तो सक्तीचा मुक्काम मताला आला आणि गेला. गाडी कोठे थांबवावी यावर मतदान घेणे हा पोरखेळ आहे, असे कोणी म्हणेल. परंतु त्या वेळच्या ब्राझीलची कल्पना करा. तेथे राष्ट्राध्यक्ष कोणी निवडीत नव्हते, आणि निरक्षर माणसाला तर कसलाच मताधिकार नव्हता. तो त्याला १९८५ साली मिळाला. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत निरक्षर शेतकऱ्याने मत टाकले, म्हणून या गोष्टीचे मोल आपल्या सहसा लक्षात येत नाही. त्या देशात शाळेचे तोंड फारसे न पाहिलेला नोकर हात वर करतो आणि त्याचा हात डॉक्टरच्या हाताबरोबरीने मोजला जातो, हा पोरखेळ खचित नव्हता. लहान गोष्टींत मत देण्याची ज्याला सवय नाही, त्याला मोठ्या गोष्टीत मत मागण्याचे धाडस कोठून व्हावे?

जाहिरातीच्या व्यवसायातील वॉशिंग्टन ओलिवेत्तो हा या मंडळींचा सहकारी. त्याच्या कल्पकतेने या प्रयोगाचे ‘कॉरिंथियन्सची लोकशाही’ हे नाव सर्वतोमुखी झाले. त्याच सुमारास खेळाडूंच्या सदऱ्यांवर जाहिरात छापण्यास ब्राझीलमध्ये मुभा मिळाली होती. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी प्रांतांच्या राज्यपालांची निवडणूक व्हावयाची होती, आणि १९६५ नंतर प्रथमच ती थेट जनतेच्या मताने होणार होती. कॉरिंथियन्सचे खेळाडू मैदानात उतरले ते पाठीवर ‘१५ तारखेला मतदान करा’ अशी अक्षरे घेऊन. कोणत्या पक्षाला ते नाही. केवळ मतदान करा. साबणाच्या किंवा शीतपेयाच्या नावाच्या जागी हे चार शब्द होते. ज्या सरकारला लोकांचे मतच नको होते, त्याला यात पुरेशी टीका ऐकू आली.

त्याच वर्षी उन्हाळ्यात स्पेनमध्ये विश्वचषकाची स्पर्धा झाली. ब्राझीलचा कर्णधार होता सोक्रातिस, मार्गदर्शक तेले सांताना. संघात झिको, फाल्काव, सेरेझो, ज्युनिअर, एदेर अशी एकाहून एक मंडळी. यांपैकी झिको पुढे २०१४ ते २०१६ या काळात एफसी गोवा संघाचा प्रशिक्षक होता, म्हणून आपल्याकडील क्रीडारसिकांना त्याचा चेहरा परिचित आहे. हा संघ सोव्हिएत संघाविरुद्ध मागे पडून जिंकला. त्यातला बरोबरीचा गोल सोक्रातिसचा. स्कॉटलंडला ४-१, न्यूझीलंडला ४-०, अर्जेंटिनाला ३-१ असे त्याने हरवले. मग ५ जुलै रोजी बार्सिलोना येथे इटलीशी गाठ पडली. उपांत्य फेरी गाठण्यास ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती. पाओलो रोस्सीने पाचव्याच मिनिटाला गोल केला. सोक्रातिसने लगेच बरोबरी केली. रोस्सीने दुसरा गोल केला. फाल्कावने पुन्हा बरोबरी केली. आता चेंडू राखून वेळ काढणे शहाणपणाचे ठरले असते. पण तो संघ आपल्या रीतीनेच खेळत राहिला. रोस्सीने तिसरा गोल केला, आणि ब्राझील ३-२ असा हरून स्पर्धेबाहेर गेला. न जिंकलेल्या संघांपैकी इतका गौरव वाट्यास आलेला दुसरा संघ क्वचितच दाखवता येईल.

मायदेशी परतल्यावर मात्र विजय वाट पाहत होता. १९८२ आणि १९८३ अशी सलग दोन वर्षे कॉरिंथियन्सने प्रांतिक विजेतेपद मिळवले. खेळाडूंच्या हाती कारभार दिला की शिस्त बिघडते, हा आक्षेप त्यामुळे लंगडा पडला. १९८३ च्या डिसेंबरातील अंतिम सामन्यास खेळाडू मैदानात आले ते एक मोठा फलक धरून. त्यावर लिहिले होते, ‘जिंकू किंवा हरू, पण नेहमी लोकशाहीसह.’ त्या दिवशी सोक्रातिसने गोल केला आणि विजेतेपद मिळाले. परंतु फलकावरील ‘हरू’ या शब्दाची खरी कसोटी पुढेच लागावयाची होती.

१९८४ च्या आरंभी ब्राझीलभर ‘आत्ताच थेट निवडणूक’ या मागणीने रान उठवले. दांते दे ओलिवेइरा या तरुण सभासदाने घटनादुरुस्तीचे विधेयक मांडले होते की, राष्ट्राध्यक्ष जनतेने थेट निवडावा. शहराशहरांतून सभा झाल्या. साओ पाउलोतील आन्यांगाबाउ येथे १६ एप्रिल रोजी भरलेल्या सभेला लाखांनी माणसे लोटली. या सभांचे सूत्रसंचालन करीत असे ओस्मार सांतोस, आकाशवाणीवरून फुटबॉलचे धावते वर्णन करणारा निवेदक. इटलीतील क्लबांकडून तेव्हा सोक्रातिसला बोलावणी येत होती, आणि तिकडचा पैसा ब्राझीलच्या कितीतरी पट. व्यासपीठावरून त्याने जाहीर केले की, घटनादुरुस्ती मंजूर झाली तर मी देश सोडणार नाही. आपल्या कारकिर्दीचा सर्वांत मोठा व्यवहार त्याने संसदेतील मतमोजणीवर सोडून दिला.

२५ एप्रिलला मतमोजणी झाली. आवश्यक मते ३२० होती. बाजूने पडली २९८, विरुद्ध ६५, आणि शंभराहून अधिक सभासद सभागृहात आलेच नाहीत. २२ मतांनी विधेयक पडले. शब्द दिल्याप्रमाणे सोक्रातिस राहिला असता. शब्दाप्रमाणेच तो गेला. फ्लोरेन्सच्या फिओरेंतिना क्लबासाठी तो एक हंगाम खेळला. तेथे त्याचे मन रमले नाही आणि खेळही फुलला नाही.

मागे कॉरिंथियन्समध्ये काय झाले? कासाग्रांदेही काही काळ दुसऱ्या क्लबाकडे गेला, आणि १९८५ साली क्लबाच्या निवडणुकीत आदिल्सोनचा पराभव झाला. लोकशाहीचा तो प्रयोग संपला तो मतपेटीतूनच. कोणी सैनिक आणून तो मोडला नाही. हे दुःखद खरे, पण यात विसंगती काही नाही. पराभव मान्य करणे हा ज्या खेळाचा नियम आहे, तो खेळ या मंडळींनी स्वतःहून पत्करला होता.

पुढील काळ उताराचा. फ्लामेंगो, सांतोस आणि शेवटी पुन्हा बोताफोगो असे क्लब त्याने केले. १९८६ साली मेक्सिकोतील विश्वचषकात तो कपाळाला पट्टी बांधून खेळला. आदल्या वर्षीच्या भूकंपाने मेक्सिको हादरले होते. पट्टीवर लिहिले होते, ‘मेक्सिको अजून उभे आहे.’ फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात बरोबरी झाली आणि निकाल पेनल्टींवर गेला. सोक्रातिसने नेहमीप्रमाणे जवळजवळ जागेवरूनच चेंडू मारला, आणि गोलरक्षक बात्सने तो अडवला. ब्राझील हरले. देशासाठी ६० सामने आणि २२ गोल एवढ्या हिशेबावर ती वही मिटली. विश्वचषक त्याच्या नशिबी नव्हता. तो त्याचा धाकटा भाऊ राई याला १९९४ च्या संघातून मिळाला.

आता इतिहासाने या माणसाचे माप कसे घ्यावे? दोन अतिशयोक्ती टाळल्या पाहिजेत. फुटबॉलपटूंनी हुकूमशाही घालवली, ही पहिली. तसे झाले नाही. १९७८ पासून साओ पाउलोच्या परिसरातील धातुकामगारांनी केलेले संप, धर्मगुरूंपैकी अनेकांनी आणि वकिलांच्या संघटनेने घेतलेली भूमिका, परदेशी कर्जाचा डोंगर, आणि खुद्द सेनापतींनीच सुरू केलेली सावकाश माघार ही त्यामागची मोठी कारणे. दुसरी अतिशयोक्ती उलट बाजूची. ती म्हणते की हे सारे दोनचार नामांकित खेळाडूंचे कौतुक होते. या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. डॉक्टर बोलू लागला की किती जणांना विरुद्ध हात वर करवत असेल, ही शंका रास्त आहे, आणि संघातील सर्वांनाच हा प्रकार रुचत नव्हता. गोलरक्षक लेआंव याने तर उघड नापसंती दाखवली. परंतु ज्या सभेत नापसंती दाखवूनही गोलरक्षकाची जागा टिकते, ती सभा नाटकी नसते.

माझ्या मते सोक्रातिसचे ऐतिहासिक काम या दोहोंच्या मध्ये आहे. ‘लोकशाही’ हा शब्द तोवर वकिलांच्या आणि प्राध्यापकांच्या तोंडी होता. घटनेची कलमे ज्याला वाचता येत नव्हती त्या कामगाराने तो रविवारी दुपारी आपल्या लाडक्या संघाच्या पाठीवर पाहिला. बहुमत म्हणजे काय, अल्पमताने काय करावयाचे, हरल्यावर कसे वागावयाचे, याचा पाठ त्याला ज्या भाषेत समजत होता त्या भाषेत मिळाला. १९८५ साली सेनापती गेले, १९८८ साली नवी राज्यघटना आली, आणि १९८९ साली ब्राझीलच्या नागरिकांनी १९६० नंतर प्रथमच आपला राष्ट्राध्यक्ष थेट निवडला. पाच वर्षांपूर्वी २२ मतांनी हुकलेली गोष्ट घडली. त्याच वर्षी सोक्रातिसच्या व्यावसायिक खेळाचा शेवट झाला.

नंतर त्याने काही काळ वैद्यकी केली, वर्तमानपत्री लेखन केले, फुटबॉलच्या कारभाऱ्यांवर टीका करणे सोडले नाही. मद्याचे व्यसनही सोडले नाही. दारू यकृताचे काय करते हे स्वतः डॉक्टर असलेल्या या माणसाला आपल्याहून चांगले कळत होते. त्याच्या चरित्रातील हा भाग झाकून ठेवण्याचे कारण नाही, कारण दुसऱ्याने आपल्याकरिता निर्णय घेऊ नये असे म्हणणारा माणूस स्वतःच्या निर्णयांचे फळ भोगण्यासही बांधलेला असतो. ४ डिसेंबर २०११ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, साओ पाउलोत त्याचे निधन झाले. तो रविवार होता. त्याच दुपारी कॉरिंथियन्सचा राष्ट्रीय विजेतेपद ठरवणारा सामना होता. सामन्यापूर्वी खेळाडूंनी मैदानाच्या मध्यभागी वर्तुळ करून, त्याच्या सवयीप्रमाणे, उजव्या हाताची मूठ उंचावली. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि विजेतेपदाला तेवढे पुरले.

श्रोतेहो, आपल्या संस्था, मंडळे, सहकारी सोसायट्या, शाळांच्या समित्या यांतून आपण वर्षानुवर्षे ठराव मांडतो आणि हात वर करतो. त्यात कंटाळाही येतो. गाडी कोठे थांबवावी असल्याच प्रश्नांवर पुष्कळदा तेथे वाद होतात. तो कंटाळा येईल तेव्हा ब्राझीलमधील त्या खोलीची आठवण ठेवावी. तेथे कपडे सांभाळणाऱ्या नोकराचा हात कोणीतरी काळजीपूर्वक मोजत होते, आणि त्या मोजणीकडे एक अख्खा देश डोळे लावून बसला होता.